पाहणीत बोलायचं नसतं

४ मार्च

ताई,

फोन मधेच ठेवलास, म्हणून हे पत्र. फार तर फाडशील, पण मला मधे तोडता येणार नाही, तेवढाच माझा फायदा.

तू म्हणालीस, "आमच्या पोटावर पाय देऊन तुला काय मिळणार आहे?" मी उत्तराला तोंड उघडलं तोवर तू ठेवलासही. तेव्हापासून मी खोलीभर फिरतेय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. त्यात जमिनीवर सगळे नकाशे पसरलेत, तुमच्या गावाचे, त्यामुळे फिरायचं तेही कडेकडेने. एका नकाशात तुमची गल्ली आहे. खाणीला चिकटून भट्टी, भट्टीसमोर बारक्या चौकोनांची एक ओळ, आणि भट्टीच्या तोंडाशी शेवटचा चौकोन तुझा.

नीट सांगते, म्हणजे कुणाच्या तोंडून भलतंच ऐकायला नको. भावोजींची कंपनी चुन्याच्या दुसऱ्या भट्टीला परवानगी मागतेय. पलीकडच्या वस्तीतल्या आईबापांची समिती म्हणते, एकाच भट्टीची धूळ मुलांच्या छातीत जातेय, दुसरी नको. ती समिती माझ्याकडे आली. कंपनी आधी आली असती तर मला कंपनीकडून उभं राहावं लागलं असतं. आम्हा बॅरिस्टरांचा हा नियमच आहे, स्टँडवरच्या टॅक्सीसारखा. रांगेत पहिली उभी असेल तिने येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं, तोंड बघून नाही म्हणायचं नाही.

आमच्या चेंबरमध्ये कामं वाटणारा क्लार्क आहे, त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझी सख्खी बहीण त्या गल्लीत राहते. मेहुणे भट्टीवर फोरमन आहेत."

"बहीण केसमध्ये आहे?"

"नाही."

"साक्षीला येणार?"

"छे."

"मग तिला फोन करा आणि काम घ्या," तो म्हणाला. फोन केला. पुढचं तुला माहीत आहे.

तरीही मला हात झटकता आले असते का, ते विचारू नकोस. अशी केस मला कधीपासून हवी होती, तेही विचारू नकोस. तुझ्या ठकूचा खोकला कसा आहे तेवढं कळव.

तुझी टकळी
(नाव तूच ठेवलंयस, तेव्हा आता ऐकून घे.)


१९ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहितेच.

सुनावणी सुरू झाली. कोर्टात नाही, तुमच्या तालुक्याच्या सभागृहात. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आहेत आणि माझं टेबल नेमकं नेटच्या जागी येतं. समोर चौकशी अधिकारी बसतात. हे न्यायाधीश नव्हेत, मूळचे इंजिनिअर, पण भट्टी होणार की नाही हे तेच ठरवणार. सडपातळ, शांत माणूस. सगळं पेन्सिलीने लिहून घेतात आणि खोडत काहीच नाहीत.

कंपनीचा बॅरिस्टर माझ्या ओळखीचा. त्याला आम्ही पाठीमागे 'लोणी' म्हणतो. आवाज इतका मऊ, की आपण हरतोय हे चहाच्या सुट्टीत कळतं. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "तुम्ही मूळच्या इकडच्याच ना?" मी म्हटलं, "मी मूळची भांडखोर." तो हसला. मीही हसले. विषय तिथेच मिटला, आणि मी मिटू दिला.

आठवतं, मी ही वकिली घेतली तेव्हा बाबा काय म्हणाले होते? "एवढं शिकून शेवटी गटारं आणि झाडं?" आणि माझं पहिलं काम खरंच गटाराचंच निघालं. कातडी कमावण्याच्या कारखान्याचं पाणी एका विहिरीत उतरत होतं. माझ्या सीनियरने मला गमबूट दिले आणि म्हणाले, "कायद्याचं पुस्तक नंतर. आधी पाणी कुठून येतं ते बघून ये." मी चिखलात पडले, परत आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हे मला जमणार. बाकीचे वकील माणसांची भांडणं लढतात. आमच्याकडे जमीन कुणाच्या बाजूला कलते ते बघायचं असतं, वारा कुठून कुठे जातो ते बघायचं असतं. मला ते अजून आवडतं. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण तू कधी विचारलं नाहीस, आणि तू विचारावंस म्हणून मी थांबले होते.

आता वाईट बातमी. आज लोण्याने माझ्या धुळीच्या तज्ज्ञाला धरलं. "भट्टीच्या सर्वांत जवळ कोण राहतं?" कामगारांची गल्ली. "त्या गल्लीतून एक तरी तक्रार आली का?" तज्ज्ञाने कागद चाळले. "एकही नाही? म्हणजे जे धुळीत राहतात त्यांना धूळ दिसत नाही, आणि जे मैलभर लांब राहतात त्यांना दिसते." सभागृह हसलं. अधिकाऱ्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "मी गल्लीत प्रत्यक्ष पाहणीला येईन."

त्या एका प्रश्नावर सगळी केस येऊन बसलीये, ताई. गल्लीतली घरं काय सांगतात त्यावर. आणि गल्लीत तू आहेस. माझा जीव टांगणीला लागलाय.

टकळी


२७ मार्च

ताई,

तू दार उघडलंस आणि मला 'ये'ही म्हणाली नाहीस. म्हणणार कशी? आणि मी तरी तुला 'ताई' कशी म्हणणार होते? तुला तो नियम माहीत नसेल, म्हणून सांगते.

पाहणीत वाद घालायचा नसतो. दोन्हीकडचे वकील बरोबर चालतात, पण तोंडाला कुलूप. अधिकारी विचारतात, "काही दाखवायचंय?" तेव्हा बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "ही खिडकी बघावी." 'धुळीने माखलेली खिडकी' म्हटलं की संपलं, ते मत झालं. दिवसभर बडबडून पोट भरणारी दोन माणसं, आणि दोघं शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी गुपचूप.

तुमच्या गल्लीने कमाल केली हं. काय धुतलीत घरं! उंबरे ओले, काचा लख्ख, गच्च्यांवरून पाणी निथळत होतं. पहिल्या घरात गेलो, पडदेसुद्धा नुकते धुतलेले. दुसऱ्या घरातही तेच. लोणी माझ्याकडे बघून भुवई उडवत होता. मी आत आत चडफडत होते. मला कळत होतं की कालपासून सगळ्या बायका फडकी घेऊन राबल्या असणार, आणि कुणी राबायला लावलं तेही कळत होतं. पण बोट कशाकडे दाखवू? धुतलेल्या भिंतीकडे?

तुझं घर ठरलेल्यांत नव्हतं. अधिकारी गल्लीच्या टोकापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "हे सर्वांत जवळचं, हेही बघू."

पुढची खोली तू लख्ख ठेवली होतीस. अधिकारी खिडकीशी जाऊन भट्टी बघत राहिले. लोणी त्यांच्या शेजारी. त्या दोघांना तिथून मागची खोली दिसत नव्हती. मला दिसत होती. तू त्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होतीस, आणि तुझ्या खांद्यावरून मला सगळं दिसलं. खिडकीच्या फटींत कोंबलेली ओली फडकी, पांढरी पडलेली. दोरीवर आतच वाळत घातलेले कपडे. ठकूची गादी कोपऱ्यात ओढलेली, उशाशी वाफ घ्यायचं मशीन. ओल्या फडक्यांवर तो चुना असा बसला होता, की मुद्दाम लिंपला असता तरी तसा बसला नसता. माझी अख्खी केस त्या खोलीत होती.

अधिकारी वळले. "काही दाखवायचंय?"

तू माझ्याकडे बघितलंस.

मी म्हटलं, "काही नाही."

हे पत्र मी यासाठी लिहितेय. मला माहीत होतं की मी बोट दाखवलं असतं, तर गल्लीतल्या सगळ्या बायकांनी तुला धरलं असतं, भावोजींना कंपनीच्या मॅनेजरने खोलीत बोलावलं असतं. तू दार अडवून उभी होतीस आणि मला ते समजलं. मी मूग गिळून बाहेर पडले. ज्या समितीचं काम घेतलंय तिच्याशी मी बेइमानी केली, ताई, आणि ती तुझ्यासाठी केली. आता तरी फोन कर.

टकळी


११ एप्रिल

ताई,

फोन नाही. पत्र नाही. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

काय हवं होतं तुला? केस घेतली म्हणून तू बोलणं सोडलंस. बरं. तुझ्या घरासाठी मी केस मातीत घातली, तरी बोलत नाहीस. आता तुझ्या दारात येऊन नाक घासू का?

शेवटचं भाषण मी कसं केलं ते ऐक. उभी राहिले आणि वारा, आकडे, मोजमापं, सगळं बोलले. बोलताना प्रत्येक वाक्याच्या मागे मला ती फडकी दिसत होती. लोणी त्याच्या भाषणात, वकिली रिवाजाने मला 'मैत्रीण' म्हणत, म्हणाला, "आपण सगळ्यांनी ती घरं पाहिली. माझ्या विद्वान मैत्रिणीनेही पाहिली. त्यांनाही दाखवण्यासारखं काही सापडलं नाही."

समितीतली एक आई नंतर माझ्यापाशी आली. बेकरीत काम करते, हाताला अजून पीठ होतं. म्हणाली, "मॅडम, तुम्ही जीव तोडून लढलात." मी तिचे हात हातात घेतले आणि बाथरूमला जायचंय म्हणून सटकले. आरशात बघायची सोय नव्हती, हात धुऊन बाहेर आले.

निकाल अजून यायचाय. महिना तरी लागेल म्हणतात. क्लार्क विचारतो, "तब्येत बरी आहे ना? चहा गार करून टाकून देताय हल्ली." नवी कामं येऊन पडलीत, एक पूल आहे, एका टेकडीवरची घरं आहेत. फायली उघडते आणि मिटते. एका जागी बसवत नाही. काल उगाच स्टेशनपर्यंत चालत गेले आणि तुमच्या गावाची गाडी सुटताना बघून परत आले.

मी तुझी धाकटी बहीण आहे. चुकले असेन तर चार शिव्या दे, पण दे.


२० एप्रिल

ताई,

तू काही बोलली नाहीस, आणि ठकूला पाठवलंस.

भावोजी सकाळी तिला घेऊन आले. हातात एक बॅग, आणि पिशवीत ते वाफेचं मशीन. मला वाटलं, हे शिव्या द्यायला आले. त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि उभेच राहिले. म्हणाले, "हिला इथे शाळेत घालशील का? तुझ्या ताईने सांगितलंय." ठकू केवढी उंच झालीये. पण जिना चढून आली आणि वरच्या पायरीवर बसली, म्हाताऱ्या बाईसारखी, गुडघ्यांवर हात ठेवून. श्वास परत यायला बराच वेळ लागला.

मी चहा केला. भावोजींनी तो घेतला नाही. मी म्हटलं, "भावोजी, मी तुमच्या भट्टीच्या आड आले म्हणून राग आहे ना?"

ते म्हणाले, "मला विचारशील तर मला भट्टी हवी. दुसरी झाली नाही तर पहिलीही बंद करू म्हणतात. मी दुसरं काय करू शकतो? पण फेब्रुवारीपासून पोरगी रात्र रात्र बसून काढते. आडवं झालं की घुसमटते. हिला काय झालंय ते डॉक्टर तोंडाने सांगतात, कागदावर लिहीत नाहीत. दवाखाना कंपनीचा."

मला फेब्रुवारीचं काहीच माहीत नव्हतं, ताई. मार्चच्या चार तारखेला मी तुला विचारलं, खोकला कसा आहे.

मग ते म्हणाले, "पाहणीच्या आदल्या दिवशी मुकादम घरोघर फिरला. सगळ्यांनी धुतलं. तुझ्या ताईनेही पुढची खोली धुतली. मागची धुवायला बसली नाही. मी ओरडलो. म्हणाली, 'माझ्या तोंडून शब्द निघाला तर तुमची नोकरी जाईल. मी काही बोलणार नाही. माझी बहीण येणारे, ती दाखवेल.'"

मी म्हटलं, "पण ती तर दार अडवून उभी होती."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी अजून मान वर केलेली नाही. म्हणाले, "ते दार आपोआप मिटतं. बिजागरी उतरलीये. उघडं राहावं म्हणून ती पाठ लावून उभी होती."


२२ एप्रिल

ताई,

दोन दिवस मी स्वतःशी भांडतेय. ठकू म्हणते, "मावशी, बस ना जरा, मला बघूनच दम लागतो." म्हणून बसून लिहितेय.

मला वाटलं, मी तुझ्या बाजूने गप्प बसले. खरं सांगायचं तर पूर्ण तसं नव्हतं. त्या दारात मला लाजही वाटली. बोट दाखवलं असतं तर अधिकाऱ्यांनी तुला नाव विचारलं असतं, माहेर विचारलं असतं, आणि लोण्याला कळलं असतं की ती माझी बहीण. दारातच मी ते सांगायला हवं होतं. ते गिळलं, आणि मग त्या गिळण्याला 'ताईसाठी' असं नाव दिलं. तू काय मागतेयस ते मी तुला एकदाही विचारलं नाही. बोलायचं नाही हा नियम मला लागू होता, तुला नव्हे, पण तुझं तोंड तर माझ्याआधी बंद झालेलं होतं. आणि मी वकील आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलायचं, एवढंच माझं काम.

निकालावर अजून सही झालेली नाही. मी चौकशी पुन्हा उघडा असा अर्ज करू शकते. त्यात लिहावं लागेल की एक पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता, मी तो दाखवला नाही, आणि का नाही. क्लार्कला मसुदा दाखवला. त्याने वाचला, चष्मा काढला. म्हणाला, "हे गेलं की ही केस तुमच्याकडून जाईल. वर चौकशी तुमचीच होईल. सनदेवर येऊ शकतं." मी म्हटलं, "माहीत आहे." तो म्हणाला, "समितीला आज सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको." बेकरीतल्या त्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग एवढंच विचारलं, "तुमच्या भाचीला बरं आहे का आता?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माझं काय व्हायचं ते होवो. पण भावोजींची नोकरी यात जाऊ शकते. गल्लीत तुला कुणी पाणीही विचारणार नाही. म्हणून अर्ज टेबलावर ठेवलाय आणि पाठवलेला नाही. घर कुठलं, हे न सांगता तो लुळा पडेल, पण तू नको म्हणालीस तर मी सांगणार नाही. मागच्या वेळी मी तुझ्या मनातलं मला कळलं असं धरून चालले. या वेळी विचारतेय. ताई, तुझं घर दाखवू?


२५ एप्रिल

ताई,

तुझा फोन ठेवला आणि मी पेन शोधत घरभर धावले. ठकूला वाटलं काहीतरी वाईट झालं.

तू 'हॅलो'सुद्धा म्हणाली नाहीस. "वाच," म्हणालीस. मी अर्ज वाचून दाखवला, सगळा, क्रमाने. तू मधे एकदाच विचारलंस, "'बेजबाबदारपणा' असंच लिहिलंयस का स्वतःला?" मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "राहू दे, बरोबर आहे." मागे भावोजी काहीतरी बोलत होते. तू त्यांना म्हणालीस, "आपण बघू काय ते. पोरगी जिना चढू दे आधी." मग मी पाचवा परिच्छेद वाचला: 'सदर घरातील रहिवासी महिलेने मागील खोली पाहणीसाठी उघडी धरून ठेवली होती.'

तू म्हणालीस, "रहिवासी महिला कोण?"

मी म्हटलं, "ताई, अशीच भाषा असते अर्जाची."

"असू दे. तू मला दारात ओळख दिली नाहीस. कागदावर तरी दे." आणि ठेवलास.

मी ती ओळ खोडली. आता तिथे असं आहे: 'त्या घरात माझी सख्खी थोरली बहीण राहते. तिने मागची खोली मला दिसावी म्हणून दार पाठीने उघडं धरलं होतं. मी ते पाहिलं आणि दाखवलं नाही.' खाली सही केली आणि आज सकाळी स्वतः नेऊन दिला.